चार हजार एकशे बारा वेळा ‘नाही’

“कागदावरचं राहू दे, मॅडम. मला खरोखरची मेमरी संपवून दाखवा,” सिस्टर मार्था सातपुते म्हणाल्या आणि माझा बावन्न पानांचा रिपोर्ट त्यांनी औषधांच्या ट्रेखाली सरकवून दिला.

मला राग आला. का येऊ नये? त्या रिपोर्टवर माझी सही होती. वैजयंती आवटीनं पास केलेलं सॉफ्टवेअर परत येत नाही, असं आमचे मगदूम साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे. ऑफिसातली पोरं माझ्या पाठीमागं मला ‘नाहीबाई’ म्हणायची, कारण त्यांनी लिहिलेलं काहीही माझ्या टेबलावर आलं की पहिलं उत्तर ‘नाही’ असायचं. मला ते नाव आवडायचं, तोंडानं कधी कबूल केलं नाही एवढंच.

याला आता सोळा-सतरा वर्षं झाली. फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे अकरा. मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, कमी दिवसांच्या बाळांचा विभाग. काचेच्या दाराबाहेरच्या टेबलापाशी आम्ही चौघं उभे होतो: विभागाच्या प्रमुख सिस्टर मार्था, आमचे मालक मगदूम साहेब, प्रोग्रॅम लिहिणारा इरफान मुजावर, आणि तो प्रोग्रॅम तपासणारी मी. टेबलावर आमचा कॉम्प्युटर. स्क्रीनवर चौदा चौकोन, आतल्या चौदा बाळांचे. प्रत्येक चौकोनात त्या बाळाचा ऑक्सिजन, नाडी आणि ताप. आकडा घसरला की चौकोन लाल होणार आणि भोंगा वाजणार.

दोन दिवस रंगीत तालीम म्हणून तारा जोडल्या होत्या. खरं काम सोमवारी दहा वाजता सुरू व्हायचं होतं. तोवर सिस्टर लोक बाळं ठेवलेल्या प्रत्येक काचेच्या पेटीपाशी जाऊन दर पंधरा मिनिटांनी आकडे वहीत लिहीत होत्या. सोमवारपासून ते लिहिणं बंद आणि रात्रपाळीला तिघींच्या जागी एकटीच सिस्टर, कारण आता बाळांवर मशीन लक्ष ठेवणार होतं. सिस्टर मार्थांना हे अजिबात पसंत नव्हतं, आणि पसंत नसलेली गोष्ट लपवायची त्यांना सवय नव्हती.

“सिस्टर, असं बघा,” मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं. “मेमरी म्हणजे कॉम्प्युटरची काम करायची जागा. प्रोग्रॅम चालताना सारखी थोडी थोडी जागा मागत असतो. कधीतरी जागा संपते. तेव्हा आमचा प्रोग्रॅम काय करतो? जुने आलेख टाकून देतो, चौदा बाळं तशीच चालू ठेवतो आणि वर पिवळी पट्टी दाखवतो, ‘जागा कमी आहे’ म्हणून. हे मी तपासलंय.”

“किती वेळा?”

याच प्रश्नाची मी वाट बघत होते. “चार हजार एकशे बारा वेळा.”

खोटं नव्हतं. मी एक भोचक प्रोग्रॅम लिहिला होता. तो मध्ये जाऊन बसायचा आणि आमच्या प्रोग्रॅमनं पहिल्यांदा जागा मागितली की सांगायचा, नाही. मग सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि या वेळी दुसऱ्या मागणीला नाही. मग तिसऱ्या. अशा चार हजार एकशे बारा मागण्या आणि प्रत्येकीला एकेक नकार. विंडोजवर केलं, लिनक्सवरही केलं. प्रोग्रॅम एकदाही पडला नाही. हॉस्पिटलाला लिनक्सच हवं होतं, कारण डॉक्टरांच्या पेनड्राईव्हमधून व्हायरस येऊन त्यांचे विंडोजचे कॉम्प्युटर दर महिन्याला आजारी पडत होते. इरफाननं दोन महिने खपून आमचा प्रोग्रॅम लिनक्सवर नेला होता.

“चार हजार वेळा तुम्ही नाही म्हणालात,” सिस्टर म्हणाल्या. “जागा खरी संपली होती का पण?”

“तेच ते, सिस्टर.”

“मग दाखवा की एकदा. तेच ते आहे तर वेळ किती लागणार?”

साहेब लगेच पुढं झाले. “होय की! दाखवू की. इरफान, दाखव रे.” आमचे साहेब कुठल्याच गिऱ्हाइकाला नाही म्हणायचे नाहीत. कंपनीत दोन टोकांची दोन माणसं होती, एक सगळ्याला होय म्हणणारा आणि एक सगळ्याला नाही म्हणणारी, आणि त्यावर आमचं बरं चाललं होतं.

इरफान खुर्चीत बसायला गेला तशी सिस्टरनं त्याला हातानं थांबवलं. “तुम्ही नको. तुम्हाला माहितीये कुठं हात लावायचा नाही ते.” त्या स्वतः बसल्या. “आमचे डॉक्टर लोक एक्सरे इथंच बघतात. उघडतात आणि तसेच टाकून जातात. बंद करायला कुणाचा हात म्हणून जात नाही. मी तेच करते.”

आणि त्या एक्सरे उघडायला लागल्या. बोटं कीबोर्डवर हळूहळू पडत होती, पण थांबत नव्हती. बारीक बारीक छात्या, फासळ्या, एकावर एक खिडक्या. पाच झाले. बारा झाले. चौदा चौकोन बाजूच्या निम्म्या स्क्रीनवर सुखानं लुकलुकत होते. मी हाताची घडी घालून उभी होते. वीस. तीस. माऊस जरा अडखळायला लागला. मी इरफानकडं बघून भुवई उडवली, म्हणजे आता येईल बघ पिवळी पट्टी.

अडतिसाव्या एक्सरेला आमचा प्रोग्रॅम स्क्रीनवरून नाहीसा झाला.

पिवळी पट्टी नाही, भोंगा नाही, काहीच नाही. जिथं चौदा चौकोन होते तिथं नुसता निळा पडदा. अडतीस एक्सरे मात्र जसेच्या तसे, एकालाही धक्का नाही.

“चौदाच्या चौदा गेली,” सिस्टर मार्था म्हणाल्या.

त्या चौकोनांबद्दलच बोलत होत्या, पण आम्हा तिघांनी एकदम काचेच्या दाराकडं बघितलं. आत दोन सिस्टर वह्या घेऊन फिरत होत्या. सगळं ठीक होतं.

“लाईटचं काहीतरी झालं असंल,” साहेब म्हणाले. “पुन्हा चालू कर की, इरफान.”

“लाईट आहे, साहेब,” इरफान पुटपुटला.

सिस्टर उठल्या. ट्रेखालचा माझा रिपोर्ट त्यांनी काढला, झटकला आणि माझ्या हातात दिला. “सोमवारी दहाला डॉक्टर कुलगुडे येणार आहेत. ते होय म्हणाले की रात्रीच्या माझ्या दोन पोरी कमी होणार. त्यांना हे इंजिनिअरिंग कळत नाही, मलाही कळत नाही. तुमची सही बघून ते होय म्हणणार आहेत. तेव्हा हा खरा की खोटा, ते तुम्ही तुमच्या तोंडानं सांगायचं. साहेबांनी नाही.”

परतीच्या वाटेवर गाडीत, विजयनगर मागं पडल्यावर साहेब बोलायला लागले.

“हे बघ वैजयंती, तुझा रिपोर्ट अक्षरन् अक्षर बरोबर आहे. त्यात काय लिहिलंय? जागा नाकारली तर प्रोग्रॅम पडत नाही. नाकारली का कुणी? नाही. मग रिपोर्ट चुकला कुठं?”

“साहेब, प्रोग्रॅम मेला की हो.”

“मेला तर एक्सऱ्यांनी मेला. टेबलावर चिठ्ठी चिकटवू, इथं एक्सरे उघडू नयेत म्हणून. मोठ्या अक्षरात. लाल.” त्यांनी गिअर बदलला. “एक तारखेपासून तुला टेस्टिंगचं प्रमुख करतोय. केबिनवर पाटी लावायला सांगितलीये. आता या वेळेला तू पाय मागं घेऊ नको. मी त्यांना सोमवार म्हणून शब्द दिलाय.”

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचं म्हणणं पटत होतं. रिपोर्ट अक्षरन् अक्षर बरोबर होता, आणि केबिन मला हवी होती. सात वर्षं मी त्या केबिनकडं जाता-येता बघत होते.

रविवारी सकाळी आठला मी ऑफिसात पोचले तर इरफान आधीच येऊन बसलेला. आम्ही दोघं सांगलीच्या एकाच कॉलेजातले, तो एक वर्ष मागं. मला ताई म्हणायचा आणि माझी एकही गोष्ट निमूट ऐकायचा नाही. त्यानं घरून अंडा बुर्जी-पाव आणला होता. आम्ही ऑफिसच्या लिनक्स मशीनवर वीसभर फोटो-बिटो उघडून बघितले, आणि आमचा प्रोग्रॅम पुन्हा मेला. तसाच. गपचूप.

“मला कळलं,” इरफान म्हणाला. पाव त्याच्या हातात तसाच राहिला. “ताई, तू सांगतेस तसं विंडोज नाही म्हणतं. जागा नसली की तोंडावर सांगतं, नाही, आणि मग आपला प्रोग्रॅम आवराआवर करतो. लिनक्स नाही म्हणतच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे होय म्हणतं. कुणी कितीही मागो, होय की, घे की. आपल्या साहेबांसारखं.” तो हसला नाही. “लग्नात हजार पत्रिका वाटायच्या, येऊन येऊन किती येणार, तीनशे, म्हणून तीनशेचाच स्वयंपाक. बहुतेक वेळा निभावतं. एखाद्या दिवशी हजारच्या हजार येतात. मग लिनक्स काय करतं, तर पंगतीत जो सगळ्यात जास्त जेवतोय त्याची मानगूट धरतं आणि मांडवाबाहेर फेकतं. त्याला विचारतसुद्धा नाही.”

“आणि सगळ्यात जास्त जेवतोय कोण?”

“आपण. चौदा बाळांचे दिवस दिवसाचे आलेख धरून बसलोय. एक्सरे बारके बारके, एकेकटे. आपणच सगळ्यात मोठे.”

मी खुर्चीत मागं टेकले. चार हजार एकशे बारा वेळा मी माझ्या हातानं नाही म्हटलं होतं, आणि प्रत्येक वेळी आमच्या प्रोग्रॅमनं ते गुणी पोरासारखं ऐकलं होतं. पण मिरजेतल्या त्या मशीनवर त्याला नाही म्हणणारं कुणी नव्हतंच. मी चाचणी घेतली होती माझ्या स्वतःच्या नकाराची.

“लिनक्सला नाही म्हणायला लावता येतं?” मी विचारलं.

“एक आकडा बदलला की येतं. मग ते हिशेबात राहून होय-नाही म्हणतं. ते मी करतोच. पण तेवढ्यानं भागणार नाही, ताई. उद्या दुसऱ्याच कशानं तरी आपला प्रोग्रॅम मेला, तर? मारलेला माणूस मी मेलो म्हणून ओरडत नाही. ओरडणारा दुसरा पाहिजे.” त्यानं पावाच्या कागदावरच एक चौकोन काढला. “बाहेर एक छोटी पेटी. तिला स्वतःचा भोंगा, स्वतःची बॅटरी. आपला प्रोग्रॅम तिला ठरावीक वेळानं सांगत राहणार, हजर. हजर. हजर. हजेरी चुकली की पेटी बोंब मारणार.”

“किती दिवस लागतील?”

“पेटी, तारा, तुझ्या चाचण्या... पाच आठवडे. सहा.”

सोमवारपर्यंत एकच दिवस होता. इरफान पुन्हा मशीनकडं वळला. लिनक्स स्वतःची एक रोजनिशी ठेवतं. कधी कुणाला का मारलं ते त्यात वेळेसकट लिहून ठेवतं. आत्ताचा खून त्यात कसा दिसतो ते त्याला बघायचं होतं. त्यानं शोध टाकला. एकाच्या जागी दोन ओळी आल्या.

“एक ही आजची,” तो म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. “आणि ही... वैजूताई, ही अकरा तारखेची आहे. अकरा फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून सतरा मिनिटं. आपलाच प्रोग्रॅम मारलाय.”

मला ओळ वाचायची गरज नव्हती. अकरा फेब्रुवारीच्या दुपारी त्या मशीनवर मीच बसले होते.

आता सांगायचं तर पूर्ण सांगते. मी खरी जागा संपवणारी चाचणी केलीच नव्हती असं नाही. केली होती. जागा खाणारे वीसभर छोटे खादाड प्रोग्रॅम एकदम सोडून मी चहाला गेले. परत आले तर आमचा प्रोग्रॅम बंद, आणि त्याच्या नोंदी मध्येच तुटलेल्या. चूक झाल्याची एकही ओळ नाही. मी शोधली, खरंच शोधली. सापडली नाही. मग मी माझ्या टिपणवहीत लिहिलं, ‘लाईट गेली असावी.’

ऑफिसात यूपीएस होता. लाईट जाऊन मशीन बंद पडणं शक्यच नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

पण आमच्या फॉर्मात दोनच रकाने होते, पास आणि नापास. नापास लिहायला माझ्याकडं चूक नव्हती. चाचणी पुन्हा लावायची तर अर्धा दिवस जाणार होता आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. शिवाय चार हजार एकशे बारा हा आकडा मला फार आवडला होता. तो पहिल्या पानावर ठळक अक्षरात किती छान दिसतोय, हे मी दोनदा छापून बघितलं होतं. मग मी पासपुढं खूण केली आणि सही ठोकली.

इरफाननं माझ्याकडं बघितलं नाही. स्क्रीनकडं बघतच म्हणाला, “रोजनिशी जुनी झाली की आपोआप पुसली जाते. आठवडाभरात ही ओळ जाईल. मी काही बघितलं नाही.”

“बघितलंस.”

“ताई, मी तुझ्या भल्याचं...”

“तुझं भलं घाल चुलीत!” मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की खालून वॉचमननं डोकं वर काढलं. माझे डोळे भरून आले होते आणि त्याचाही मला संताप येत होता. “माझी नोकरी मी बघते. तू ती पेटी बनवायला घे. आजपासून. आत्तापासून.”

“साहेबांना न विचारता?”

“साहेब होय म्हणतील. ते सगळ्याला होय म्हणतात.”

तो हसला, मग मीही हसले, नाक पुसत. ती ओळ त्यानं मला कागदावर छापून दिली.

सोमवारी दहाला त्याच टेबलापाशी डॉक्टर कुलगुडे उभे होते, ट्रस्टचे मुख्य. उंच, घाईतले, सारखं घड्याळ बघणारे. शेजारी सिस्टर मार्था. साहेबांनी पेढे आणले होते आणि लाल अक्षरांची ती चिठ्ठी लॅमिनेट करून आणली होती. इरफान ऑफिसात पेटीला लागलेला. मी गाडीतसुद्धा साहेबांना काही बोलले नव्हते. आधी सांगितलं असतं तर ते मला गाडीतच बसवून आत गेले असते.

“तर मग,” डॉक्टर म्हणाले, “शनिवारी काहीतरी अडचण आली म्हणे?”

“किरकोळ, सर,” साहेब म्हणाले. “एक्सरे फार उघडले की...”

“किरकोळ नाही,” मी म्हटलं. “हे मशीन आज लावू नका.”

साहेबांच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. मी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि त्यावर इरफाननं दिलेला कागद. आवाज कापणार असं वाटलं होतं, कापला नाही. माझा तापट स्वभाव त्या दिवशी माझ्या कामी आला.

“जागा संपली की या मशीनवर आमचा प्रोग्रॅम न सांगता मरतो. बाळांकडं लक्ष ठेवणारं कुणी उरत नाही, आणि उरलं नाही हे कळतही नाही. हे शनिवारी पहिल्यांदा झालेलं नाही. अकरा तारखेला आमच्या ऑफिसात, माझ्यासमोर झालं होतं. मी त्याला लाईट गेली असं नाव दिलं आणि पासवर खूण केली. लाईट गेली नव्हती. हे मला माहीत होतं. या रिपोर्टवरची सही मी मागं घेते.”

“वैजयंती!” साहेब म्हणाले.

डॉक्टर कुलगुड्यांनी कागद उचलला, वाचल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. “म्हणजे तुम्हाला माहीत असताना तुम्ही आम्हाला खोटा रिपोर्ट दिलात.”

“होय.”

“मगदूम, ही बाई पुन्हा माझ्या हॉस्पिटलात दिसता कामा नये. दुसरा कुणी माणूस असेल तर पाठवा, नसेल तर हे सगळं उचलून घेऊन जा.”

“होय सर. दुसरा देतो की. आजच देतो,” साहेब म्हणाले. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. सात वर्षं. मला वाटलं होतं, निदान एखादा शब्द तरी बोलतील.

मी पर्स उचलली.

“दुसरा कशाला?” सिस्टर मार्था म्हणाल्या. “डॉक्टर, यांनी काय लपवलं होतं ते आता मला माहितीये. त्या दुसऱ्यानं काय लपवलं असेल ते मी कुणाला विचारू?”

डॉक्टर काही बोलणार होते. सिस्टर तेवीस वर्षं त्या विभागात होत्या आणि डॉक्टर पाच. त्यांनी घड्याळ बघितलं.

“आणि रात्रीच्या माझ्या तिन्ही पोरी राहतील,” सिस्टर पुढं म्हणाल्या. “मशीन तयार होऊन, मी स्वतः ते मारून बघेपर्यंत.”

“ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुमची जबाबदारी.” आणि निघून गेले. साहेब पेढ्यांसकट त्यांच्यामागं गेले.

मी तिथंच उभी. उपकार मानावेत की रडावं ते कळेना. सिस्टर माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत होत्या, शनिवारी माझ्या रिपोर्टकडं बघत होत्या तशाच.

“तुम्ही आत गेलाय का कधी?” त्यांनी विचारलं.

“कुठं?”

त्यांनी काचेच्या दाराकडं मान हलवली. मी गेले नव्हते. आठ महिने त्या चौदा चौकोनांवर काम केलं होतं. चौकोनांत मी बनावट आकडे सोडायचे, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, ऑक्सिजन ऐंशी, ऑक्सिजन शून्य, आणि भोंगा वाजला की खूश व्हायचे. दाराच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

“चप्पल काढ. अंगठी, बांगड्या काढ. कोपरापर्यंत हात धू, दोनदा,” त्या म्हणाल्या. “नऊ नंबरच्या पेटीपाशी बस. पंधरा मिनिटं. नुसती छाती बघायची, दुसरीकडं नजर न्यायची नाही.”

आत खूप गरम होतं. नऊ नंबरची पेटी खिडकीकडची. आतल्या मुलीला अजून नाव नव्हतं. कागदावर आईचं नाव, त्यापुढं ‘बेबी’, आणि वजन अकराशे ग्रॅम. माझ्या तळहातापेक्षा लहान छाती, आणि ती इतक्या भराभरा वरखाली होत होती की मला बघूनच धाप लागली. पेटीवरच्या मीटरवर ऑक्सिजनचा आकडा होता, चौऱ्याण्णव. सिस्टर दोन पेट्या पलीकडं दुसऱ्या बाळाची नळी सरळ करत होत्या.

पाचसहा मिनिटं गेली असतील.

छाती थांबली.

मला वाटलं, माझंच लक्ष चुकलं. मी वाकून बघितलं. हलत नव्हती. मीटरवर आकडा अजून चौऱ्याण्णवच होता, भोंगा नाही, काही नाही. मी मनात मोजायला लागले, का ते देव जाणे, मोजायची सवय. चार. पाच. ओठांच्या कडेला काळसर निळं दिसायला लागलं. आठ. नऊ.

“सिस्टर!”

त्या आलेल्याच होत्या. पेटीच्या गोल झरोक्यातून त्यांनी हात आत घातला आणि मुलीच्या तळपायावर बोटानं टिचकी मारली. काही नाही. पुन्हा एक, जरा जोरात. मुलीनं पाय आखडला, तोंड वाकडं केलं, आणि छाती धाडकन वर आली. ती रडली. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज. आणि आत्ता कुठं मीटरवरचा आकडा खाली आला, शहाऐंशी, आणि पुन्हा चढायला लागला.

“कमी दिवसांची असतात,” सिस्टर हात काढत म्हणाल्या. “श्वास घ्यायचं विसरतात. हिचं सकाळपासून तिसऱ्यांदा. आठवण करून दिली की घेतात.” त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि पुढच्या पेटीकडं गेल्या.

पंधरा मिनिटं पुरी होईपर्यंत मी उठले नाही. मग बाहेर आले, चपला घातल्या, आणि जिन्यात जाऊन इरफानला फोन लावला.

“काय झालं?” त्यानं विचारलं. “काढलं का तुला?”

“ते नंतर. भोंग्याच्या पेटीची हजेरी किती सेकंदांनी ठेवलीस?”

“तीस. का गं?”

“तीन कर.”

“तीन? ताई, दिवसरात्र दर तीन सेकंदांनी? कशाला एवढं? तीस पुष्कळ झाले की.”

“नाही,” मी म्हटलं. “उद्या सकाळी साडेनऊला तू इथं ये. हात धुवायची तयारी ठेव.”